पेल्लातली निकाली कुस्ती

बस, विश्वा. मोबाईल खिशात घाल आन् भिंतीला नीट टेक. आज तुला तुझ्या आज्याची एक गोष्ट सांगतो. रक्ताची हाय, हाड मोडल्याची हाय, तवा मधीच उठायचं न्हाई. गावात तू जी ऐकलीस ती ही न्हवं. त्या गोष्टीत पाच गोरं गडी माझ्यावर चालून येत्यात. पाच कुठलं लेका! एकच हुता. आन् तो बी पगारी राखणदार.

तर आम्ही गाडीत हुतो. ग्रीसमधी. बस्त्याव गाडी हाकतोय, त्याच्या शेजारी तुझा आजा, दौलू वस्ताद, फेटा बांधून ताठ बसलाय. मागं मी आन् माझा गुरुबंधू पिराजी. आम्ही दोघं मागं बसल्यावर गाडीचं तोंड आभाळाकडं झालेलं.

आम्ही तिकडं कसं गेलो म्हणशील, तर कारखान्याचं चेअरमन सहलीला गेल्तं. तिथल्या कुठल्या कुस्तीच्या क्लबात चहा पिऊन आलं आन् 'आमचं दोन पैलवान धाडतो' म्हणून शब्द टाकून आलं. माझी कुस्ती दुसऱ्या दिवशी हुती, त्यांच्या नंबर एकच्या गड्याबरोबर, गादीवर. ती मारली असती तर दिल्लीच्या शिबिरात माझं नाव लागणार हुतं. तसा निरोपच आल्ता. आपल्या तालमीतनं तिथवर एकबी पोरगं पोचलं नव्हतं. तुझ्या आज्यानं जमीन बघितली न्हाई, संसार बघितला न्हाई, सगळा जल्म तालमीच्या हौदातल्या मातीत घातला. ते सगळं त्या एका कुस्तीवर येऊन थांबलेलं.

आदल्या दिवशी क्लबवाल्यांनी सांगितलं, पोरांना जरा फिरवून आणा, खोलीत बसून अंग आखडंल. म्हणून हा बस्त्याव. वेंगुर्ल्याचा किरिस्ताव. बोटीवर जेवण रांधायला गेला, तिकडंच उतरला आन् तिथल्याच बाईशी लगीन लावून बसला. ग्रीक फाडफाड बोलायचा, पण आमच्याशी बोलताना त्याची ती आईकडची बोली निघायची.

"खंय चाललंव, म्हायत आसा?" तो म्हणाला. "सिकंदराच्या गावाक. पेल्ला. एका काळार राजधानी होती. आता निस्ते दगड."

"दगड बघायला एवढं पेट्रोल?" पिराजी म्हणाला. "आमच्या माळाला या की. फुकट दाखवतो."

"मेल्या, तुज्या माळार सिकंदर बसललो काय?"

"बसला असंल. आमची म्हस बी बसती. तिला कोण इचारतंय?"

वस्ताद मान न वळवता म्हणाला, "पिराज्या, तोंड मीट. आक्या, पाणी पी."

मला सगळी आकाराम म्हणत्यात, तो एकटाच आक्या म्हणायचा. आदल्या दिवशी पोटाला कायबी बाधाय नको म्हणून त्यानं माझ्यासाठी बदाम गावाकडनं आणलं हुतं आन् स्वतः निवडून देत हुता. बाहेरचा घास बंद. वाटंवर बस्त्यावनं भाजलेल्या मटणाच्या काड्या घेतल्या. पिराजीनं चार खाल्ल्या आन् मला वास दाखवला. रस्त्याच्या दोन्ही अंगाला कापूस फुटलेला. रान बघून वस्ताद म्हणाला, "माती बरी दिसती."

पहिलं त्या संग्रहालयात गेलो. आत गार. वस्तादानं दारात चपला काढाय घेतल्या तर बस्त्याव म्हणाला, "नको, हंय चालतत." तरी त्याचं पाय अडखळत हुतं बघ, देवळात चपला घालून शिरल्यासारखं.

भिंतीवर एक चित्र हुतं. चित्र म्हंजी रंगाचं न्हवं. नदीतलं गोटं असत्यात न्हवं, बोराएवढं, वाटाण्याएवढं, काळं, पांढरं, पिवळं, ते मातीत रोवून केलेलं. राजवाड्यासारख्या घरातली जमीन हुती म्हणं ती. मधी सिंह. दोन्ही अंगाला दोन गडी, एकाच्या हातात तलवार उगारलेली, दुसऱ्याच्या हातात भाला. आन् अंगावर कापड न्हाई.

"लंगोट तरी घालायचा," पिराजी म्हणाला. "सिंह काय, मांजरानं बी पंजा मारला तरी वंश बुडंल."

मी हासलो. वस्ताद हासला न्हाई. तो सिंहाकडं बघत उभा राह्यला. सिंहानं एका गड्याकडं मान वळवलेली आन् दुसरा मागनं तलवार घालाय लागलेला.

"बस्त्याव, ही कसली लढत?"

"शिकार ती. त्येंका भारी नाद. हंयचे राजे तसलेच, वस्तादानू. बापाशीन भावाक मारूचा, भावान भावाक. सिकंदराच्या बापाशीक तर लेकीच्या लग्नात मारलो, पल्याडच्या गावात. आन् कोणी? त्येच्याच राखणदारान. उघड्या मंडपात सुरी घातल्यान."

"आपल्याच माणसानं?"

"आपल्याच."

वस्तादानं चक् केलं आन् पुढं गेला.

मग बाहेर. ऊन असं की डोळं उघडंनात. लांबच लांब सपाट रान, त्यात घरांचं पाय, चार-दोन खांब उभं, बाकी सगळं आडवं पडलेलं. मला काय इशेष वाटलं न्हाई. पण बस्त्याव बोट दाखवत बोलत सुटला, हंय बाजार, थंय रस्तो. आन् बोलता बोलता त्यानं टेकाडाच्या अंगाला हात केला.

"थंय राजाचो वाडो. आन् वाड्यात तुमची ती तालीम."

वस्ताद जागच्या जागी थांबला. "कसली तालीम?"

"कुस्तीची. पोरां अंगाक तेल लावीत, माती फासीत आन् झुंजत. सिकंदराच्या वखताक. माजो सासरो सांगता."

"तेल लावून माती?"

"होय तर."

तुझ्या आज्याचं तोंड त्या वक्ताला तू बघायला पायजे हुतंस. सत्तरीकडं झुकलेला माणूस, पण लगीन ठरल्यागत उजळला. "आक्या, ऐकलंस? तेल आन् माती. आपल्यागतच की रं!" आन् लागला चालाय टेकाडाकडं. बस्त्याव मागनं ओरडतोय, वर बंद आसा, वर जाऊ नकात. वस्तादाला कुठलं ऐकू येतंय!

वर खणलेलं हुतं. मोठा चौकोनी खड्डा, पुरुषभर खोल, भवतीनं दोरी. पाटीवर कायतरी लिवलेलं. आम्हाला मराठी पाटी वाचायची मारामार, तिथं ग्रीक कोण वाचतंय! वस्तादानं दोरीशी चपला काढल्या. दोरी ओलांडून कडंची माती उतरून खाली गेला, गुडघं टेकलं, हात जमिनीला लावून कपाळाला लावला. मी आन् पिराजी वर उभं. पण आखाडा म्हटल्यावर उभं राहवतंय व्हय? बूट काढलं आन् त्याच्या मागं उतरलो. पाया पडलो.

आता ह्यो आपल्या तालमीचा रिवाज तुला ठावा नसंल. वस्ताद जिथं जिथं कुस्त्यांना गेला, तिथल्या आखाड्यातली मूठभर माती आणून आपल्या हौदात मिसळायचा. कोल्हापूरची हाय त्यात, बेळगावची हाय, पंजाबातनं बी आणलेली. त्याचं म्हणणं असायचं, सगळ्या गावच्या पैलवानांचा घाम एकत्र झाला पायजे. तसा त्यानं खिशातनं रुमाल काढला, मूठभर माती घेतली, गाठ मारली आन् रुमाल धोतराच्या कनवटीला खोचला. चोरी-बिरी काय मनात सुद्धा न्हाई. देवळातला अंगारा घ्यावा तसं.

शिट्टी वाजली.

वरनं राखणदार पळत आला. दांडगा गडी हुता. मान म्हंजी बैलाची, मिशा पिकलेल्या. त्याला काय दिसलं? तीन परकी माणसं बंद जागेत उतरल्यात, म्हातारा कायतरी कमरंला लपवतोय. तिकडं जुनी नाणी, मूर्त्या चोरून नेणारी टोळकी फिरत्यात म्हणं. ते आम्हाला नंतर कळलं. तो खड्ड्यात उतरला आन् ओरडाय लागला. वस्तादानं हात जोडलं, हासला. म्हणाला, "माती हाय, पाव्हणं. माती."

त्यानं वस्तादाच्या कनवटीला हात घातला.

वस्तादानं तो हात बाजूला केला. जोरानं न्हाई. पण पैलवानाचा हात तो, सरावानं मनगट धरून वळवला गेला. राखणदार एका अंगाला लवंडला. त्याच्या दुसऱ्या हातात किल्ल्यांचा जुडगा हुता, लोखंडी कड्यातला. तो त्यानं तसाच वस्तादाच्या तोंडावर हाणला.

आवाज अजून कानात हाय. वस्तादाचा व्हट फाटला, दात मातीत पडला. फेटा सुटून गळ्यात आला. म्हातारा एका गुडघ्यावर बसला आन् रक्त थुकला.

त्यापुढं मला इचार करून कायबी केल्याचं आठवत न्हाई, विश्वा. मी त्याच्या दोन्ही पायांत शिरलो, पट काढला आन् उचलून आपटला. गादीवर आपटत्यात तसा न्हाई. दगडावर. त्याच्या पाठीखाली त्या जुन्या भिताडाचा कोपरा आला, आन् 'हक्क' करून त्याच्यातलं वारं बाहेर आलं. मला वाटलं संपलं. तर त्यानं खालनं डोकं मारलं, नाकावर. नाक फुटलं. डोळ्यांपुढं लाल. त्यानं माझ्या कानात दात रोवलं. हे बघ, ही पाळी अजून अर्धीच हाय. मी कोपर घातलं त्याच्या दातांवर. एकदा, परत, परत. तो कान सोडंना. मग बरगडीत गुडघा घातला तवा सुटला, आन् आम्ही दोघं लोळत खड्ड्याच्या आतल्या अंगाला गेलो. खणणाऱ्यांनी मापाला दोऱ्या बांधून चौकोन पाडलेलं, त्या दोऱ्या पायात गुंतल्या. तो पालथा झाला. मी पाठीवर चढलो.

आन् उजवा हात गळ्याभोवती घातला. कोपराच्या बेचक्यात गळा धरला, डाव्या हातानं उजवं मनगट आवळलं. झालं. तिथनं कोण सुटत न्हाई. तो मागं हात टाकून माझं डोळं ओरबाडत हुता. मग हात थंड पडाय लागलं. टाचा तेवढ्या मातीवर वाजत हुत्या, ठप ठप ठप.

"मरतलो रे तो!" बस्त्याव वरनं किंचाळला. "पिराजी, धर त्येका! मरतलो!"

पिराजी आला, माझ्या कमरंला मिठी मारून ओढाय लागला. मी मागं टाच घातली त्याच्या छातीत. माझा भाऊ तो, एका ताटात जेवलेलो आम्ही. तो उलथा जाऊन भिताडावर पडला.

"आक्या, सोड."

वस्तादाचा आवाज. तोंडात रक्त असल्यानं बोबडा येत हुता.

"सोड, आक्या."

लहानपणापास्नं त्या आवाजाला मी बसलो हुतो, उठलो हुतो. हजार जोर मार म्हटला तर मारलं हुतं, भाकरी टाक म्हटला तर ताटातनं उठलो हुतो. त्या वक्ताला ऐकू आलं, पण ते दुसऱ्या कुणाला तरी सांगतोय असं वाटलं. मी आणखी आवळलं. टाचा वाजायच्या थांबल्या.

मग कानाशी कुणीतरी "पोरा" म्हणालं. आन् कडाक.

वाळलेली फांदी मोडावी तसा आवाज. मी मनात म्हटलं, मोडली मान. आन् मला बरं वाटलं. ऐक, लपवत न्हाई. गार पाणी प्यायल्यासारखं बरं वाटलं.

तर राखणदार घरघरला. खोकला. छाती फुगवून वारं ओढाय लागला, घोड्यासारखा. मान शाबूत. मग हे मोडलं कोण? मी उठाय गेलो तर उजवा हात माझ्याबरोबर आला न्हाई. तो तिथं मातीवर पडला हुता, वाकडा, दुसऱ्याचा असल्यागत. खांदा जागेवर नव्हता, आन् खाली दंडाचं हाड कातडीला आतनं टोचत हुतं. मग कळ आली. मी गुरासारखा वरडलो. डोळं मिटताना एवढंच दिसलं, वस्ताद बाजूला उभा हाय आन् दोन्ही हात अंगापास्नं लांब धरल्यात, शेणात भरल्यावर धरतो तसं.

शुद्धीवर आलो तो जवळच्या गावातल्या दवाखान्यात. मी एका कॉटवर, पडद्याच्या पल्याड राखणदार. थानासी त्याचं नाव. तोंड सुजून भोपळा झालेला, गळ्याला पट्टा. एक पोलीस वही घेऊन उभा. संग्रहालयातली एक बाई कागदावर रुमालातली माती पसरून चिमट्यानं चाळत बसलेली. तिला काय घावलं? गोगलगाईचा शंख.

पोलीस बस्त्यावला कायतरी इचारत हुता.

"ह्यो म्हणता, राखणदाराक कोणी मारल्यान ता कळला. पण पैलवानाचो हात कोणी मोडल्यान?"

मला वाटलेलं, झटापटीत थानासीनंच पिळला असंल. तेच सांगाय मी तोंड उघडलं. तेवढ्यात वस्ताद उठला. व्हटाला टाकं पडलेलं.

"त्याला सांग, मी मोडला."

बस्त्याव त्याच्या तोंडाकडं बघत राह्यला. "वस्तादानू, गप ऱ्हवा. मार बसलो हा, डोक्याक ताप इलो आसतलो."

"सांग म्हणतोय न्हवं. ह्या हातांनी मोडला."

बस्त्यावनं सांगितलं. पोलीस हासला. माझ्याकडं बघितलं, वस्तादाकडं बघितलं, वस्तादाच्या काटक्यांगत मनगटांकडं बघितलं आन् परत हासला.

मी हासलो न्हाई. मला ते 'पोरा' आठवलं.

"वस्ताद?" मी म्हटलं.

तो माझ्या कॉटपाशी आला. बसला न्हाई.

"मला सोड म्हणायचं!"

"म्हणालो."

"मग मुस्काटात द्यायची!"

"दिली. तुला कळली बी न्हाई."

"आन् हात? वस्ताद, हात? उद्याची कुस्ती?"

"गेली."

"दिल्ली?"

"ती बी गेली."

माझं डोकं फिरलं. एका हातानं उठाय गेलो, परत पडलो. तोंडात येतील त्या शिव्या दिल्या मी तुझ्या आज्याला. जल्मात कुणी वस्तादाला दिल्या नसतील तसल्या. पिराजी कोपऱ्यात छाती चोळत बसला हुता, तो रडाय लागला. वस्ताद ऐकत उभा.

"कुणासाठी?" मी म्हटलं. "तुमचा दात पाडला त्यानं! तो कोण लागतो तुमचा?"

"त्यो न्हाई लागत कोण," वस्ताद म्हणाला. आन् तोंड धुवाय गेला.

पडद्याच्या पल्याडनं थानासी बोलाय लागला. घसा बसलेला, जात्यातनं खडं दळल्यागत आवाज. लई वेळ बोलला. पोलीस लिवायचा थांबला. मी म्हटलं, आता गेलो जेलात, इथंच कुजायचं. बस्त्याव ऐकता ऐकता खाली बसला.

"काय म्हणतोय?" पिराजीनं इचारलं.

"म्हणता, कोणी कोणाक मारूक नाय. ह्यो पैलवान आन् आपण, दोगय पाय घसरान खड्ड्यात पडलंव. तसा लिव." बस्त्यावनं डोळं पुसलं. "पोलीस म्हणता, मेल्या खोटा बोलतस. तर ह्यो म्हणता, त्या म्हाताऱ्यान स्वताच्या पोराचो हात मोडल्यान माका सोडवूक. मी त्येच्या पोराक जेलात धाडू काय?"

पोलिसानं वही मिटली. बाईनं माती परत रुमालात बांधली आन् वस्तादापुढं धरली. वस्तादानं दोन्ही हातांनी ती मागं सारली. म्हणाला, "नको बाई. रगत मिसळलंय त्यात."

दुसऱ्या दिवशी माझ्या जागी पिराजी उतरला. छातीवर माझ्या टाचेचा काळानिळा ठसा. पहिल्याच पकडीत त्या गड्यानं त्याला पाठीवर पाडला. येऊन म्हणाला, "लोक म्हणत्यात, अस्मान दाखवलं. कुठलं अस्मान? वर सगळा पत्राच!" कोण हासलं न्हाई. तो स्वतः बी न्हाई.

येताना इमानात वस्तादानं मला घास भरवला. मी तोंड फिरवून खाल्ला. भूक हुती.

आन् गावात आलो तर गावानं गोष्ट आधीच शिजवून ठेवलेली. कुस्तीच्या आदल्या दिवशी त्या लोकांनी डाव करून पोरगं गाठलं, हात मोडला. देवळापुढं मांडव, लाऊडस्पीकर, हार. वस्ताद बोलाय उभा राह्यला. म्हणाला, "मंडळी, आकारामचा हात कुणी मोडला ते मी सांगतो." मी त्याच्या मागं खुर्चीवर. हात गळ्यात बांधलेला. मला कळलं हा काय बोलणार. आन् हे बी कळलं की चेल्याचा हात वस्तादानं मोडला म्हटल्यावर गाव त्याला उंबऱ्यात उभं करणार न्हाई. तालमीत एक पोरगं राहणार न्हाई. कोण धाडंल लेकरू त्याच्याकडं?

मी उठलो, माईक वढला आन् म्हणालो, "पाच हुते."

टाळ्या पडल्या. वस्ताद खाली बसला.

घरी येऊन मला म्हणाला, "खोटं का बोललास?"

"गावानं जोड्यानं मारलं असतं तुम्हाला."

"मारू दे की. मला बरं वाटलं असतं."

राग गेलता म्हणतोस? छट्. राग हुताच. मी त्याच्याशी बोलत नव्हतो. पण दुसऱ्या दिवशी सकाळी दार वाजलं. बघतो तर वस्ताद. हातात तेलाची वाटी. बस म्हणाला. मी म्हटलं, "वस्ताद, चेल्यानं वस्तादाला चोळायचं असतंय." तो म्हणाला, "बस खाली." आन् बसला चोळाय. त्या दिवसापास्नं मरंपर्यंत रोज. पावसात आला, तापात आला. तुझी आजी गेली तवा तिसरा करून आला. लोक म्हणायचं, काय माया हाय चेल्यावर! लोकांना काय ठावं? हाड जुळलं, पण हात खांद्याच्या वर कवा गेला न्हाई. मागं, खांद्याच्या रुंद हाडाखाली एक गाठ राह्यली. थंडीत ठणकती. माझा दुसरा हात तिथं पोचत न्हाई. त्याचा अंगठा बरोबर तिथं जायचा.

चोळता चोळता कवा राग गेला ते मला बी कळलं न्हाई.

शेवटी शेवटी त्याच्या अंगठ्यात जोर राह्यला नव्हता. फुलपाखरू बसल्यागत लागायचा. मी आपलं "आहा, आता मोकळं झालं" म्हणायचो. असाच एकदा चोळत हुता आन् मागनं म्हणाला, "आक्या, एक इचारू?"

"इचारा."

"मी घाई तर न्हाई केली न्हवं? थोडा थांबलो असतो तर तू आपसूक सोडला असतास का रं?"

इतकी वर्षं हा माणूस हे घेऊन रोज वाटी हातात धरून येत हुता, विश्वा. मला वाटायचं, माझा हात गेला म्हणून येतो. तो ह्या एका सवालापायी येत हुता. आन् इचारायचं धाडस तवा झालं, जवा अंगठा संपला.

मी मागं वळलो न्हाई. वळलो असतो तर रडलो असतो. म्हटलं, "वस्ताद, त्याच्या टाचा थांबल्या हुत्या. मला ते कळलं हुतं. तरी मी आवळत हुतो. तुम्ही मोडला नसता तर मी सोडला नसता."

"खरं?"

"तुमची आण."

मग अंगठा परत फिराय लागला. "मग बरं झालं," म्हणाला. त्या म्हयन्यातच गेला.

आता तू. पुण्याला खुर्चीत बसून तुझं हात मऊ पडल्यात, बघितलं मी मघाशी चहा घेताना. पण हाडपेर त्याचंच हाय. ये, असा माझ्या मागं बस. सदरा वर कर माझा, लाजतोस काय? त्या रुंद हाडाच्या खाली चाचप. अजून आत. हां, तीच गाठ. तिथं अंगठा ठेव, पोरा, आन् जरा जोर लावून दाब बघू.